विजेत्याच्या मागे कोण उभे आहे?

शाळेच्या स्मरणिकेत गुणवंतांसाठी काही पाने राखलेली असतात. कोणी डॉक्टर झालेला असतो, कोणी अधिकारी, कोणी परदेशात संशोधन करीत असतो. त्या पानांचा अभिमान प्रत्येक माजी विद्यार्थ्याला वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे. तथापि अशा प्रसंगी एक प्रश्न मनाशी विचारून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते. मागे ठेवल्या गेलेल्या समाजातून एक माणूस शिखरावर पोहोचला, म्हणजे तो समाज पुढे गेला असे समजावे काय? की त्या एकाच्या झगमगाटात मागे उरलेल्यांची रांग आपल्याला दिसेनाशी होते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही जे उदाहरण घेत आहोत, ते वाचकांना अनपेक्षित वाटेल. ते आहे फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीचा विश्वविजेता लुईस हॅमिल्टन याचे. निवासी शाळेच्या स्मरणिकेत ताशी तीनशे किलोमीटरने धावणाऱ्या गाड्यांचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, प्रतिभा, पैसा, रंगभेद आणि शिक्षण यांचे परस्परांशी असलेले नाते या एका खेळाडूच्या कारकिर्दीत जितके स्वच्छ दिसते, तितके फार थोड्या ठिकाणी दिसते.

हॅमिल्टनचा जन्म ७ जानेवारी १९८५ रोजी इंग्लंडमधील स्टीव्हनेज या गावी झाला. त्याचे आजोबा १९५०च्या दशकात कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून कामधंद्यासाठी इंग्लंडला आले. वडील अँथनी कृष्णवर्णीय, आई कारमेन गोरी. तो दोन वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले. बाराव्या वर्षापर्यंत तो आईजवळ आणि पुढे वडिलांजवळ वाढला. धाकटा सावत्र भाऊ निकोलस याला जन्मतः सेरेब्रल पाल्सी. घर श्रीमंताचे नव्हते. वडिलांनी मुलाला लहानपणी रिमोटवर चालणारी खेळण्यातील गाडी दिली; ती चालविण्यातले त्याचे कौशल्य पाहून पुढे गो-कार्ट घेऊन दिली आणि आठव्या वर्षी मुलगा शर्यतीत उतरला.

येथे या खेळाचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. कबड्डीसाठी फक्कीने आखलेले मैदान पुरते. धावण्यासाठी पायवाट पुरते. मोटारशर्यतीत मात्र मुलाच्या अंगी गुण आहे की नाही, हे पाहण्यासाठीसुद्धा आधी पैसा मोजावा लागतो. गाडी, इंजिनाची वरचेवर दुरुस्ती, झिजणारे टायर, प्रवेशशुल्क, दर शनिवार-रविवारचा प्रवास हे सारे आले. ज्याच्या घरी हा खर्च झेपत नाही, त्याचा गुण सिद्ध होण्याआधीच विझतो. तो विझला हे कोणाला कळतही नाही, आणि त्याची नोंदही कुठे राहत नाही.

अँथनी हॅमिल्टन यांनी हा खर्च भागविण्यासाठी संगणक क्षेत्रातील कायमची नोकरी सोडून कंत्राटी कामे पत्करली आणि जोडीला मिळतील ती लहानमोठी कामे केली. एकेका वेळी तीन-चार कामे ते करीत. मुलाशी त्यांनी एक करार केला होता: तू शाळेत मन लावून अभ्यास करशील तोवर मी तुझ्या शर्यतींना पाठबळ देईन. खेळ आणि अभ्यास यांना एकमेकांचे वैरी न मानणारा हा बाप आमच्या मते या कथेचा पहिला नायक आहे.

दुसरी गोष्ट दाराची. १९९५ साली, दहा वर्षांचा असताना, हॅमिल्टनने कॅडेट गटातील ब्रिटिश विजेतेपद मिळविले. त्याच वर्षाच्या अखेरीस एका पारितोषिक समारंभात तो मॅक्लारेन संघाचे प्रमुख रॉन डेनिस यांच्याकडे स्वाक्षरीसाठी गेला आणि एके दिवशी मला तुमच्या गाड्या चालवायच्या आहेत असे त्यांना सांगून आला. नऊ वर्षांनी मला फोन कर, तेव्हा काहीतरी ठरवू, अशा अर्थाचा मजकूर डेनिस यांनी त्याच्या वहीत लिहून दिला. प्रत्यक्षात तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, मॅक्लारेन आणि मर्सिडीज यांच्या युवा चालक योजनेत त्याला घेण्यात आले. आता त्याच्यामागे एका बापाच्या कष्टांबरोबर एक संस्था उभी राहिली. २००३ साली ब्रिटिश फॉर्म्युला रेनॉ, २००५ साली युरोपातील फॉर्म्युला थ्री मालिका (तीत २० पैकी १५ शर्यती त्याने जिंकल्या), २००६ साली जीपी-टू, अशी एकेक पायरी चढत तो २००७ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आला. या स्पर्धेतील तो पहिला कृष्णवर्णीय चालक होता.

पहिल्या वर्षीच त्याने सर्वांना थक्क केले. पदार्पणापासूनच्या सलग नऊ शर्यतींत तो पहिल्या तिघांत आला. दोन वेळचा विश्वविजेता फर्नांडो अलोन्सो त्याच्याच संघात होता. वर्षाअखेर दोघांचे गुण सारखे, १०९, झाले आणि ११० गुण मिळविणारा किमी रायकोनेन एका गुणाने विजेता ठरला. चीनमधील शर्यतीत झिजलेल्या टायरनिशी पिटकडे वळताना हॅमिल्टनची गाडी खडीत रुतली होती. जिंकत आलेले विजेतेपद तेथेच हातून निसटू लागले आणि ब्राझीलमधील शेवटच्या शर्यतीत पुरते निसटले.

पुढच्या वर्षीची कसोटी केवळ वेगाची नव्हती. फेब्रुवारी २००८ मध्ये बार्सिलोना येथील सरावाच्या वेळी काही प्रेक्षकांनी तोंडाला काळा रंग फासून त्याच्या कुटुंबाची विटंबना केली. आमच्या वाचकांना या प्रकाराचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. माणूस कितीही वेगाने पुढे गेला, तरी त्याला त्याच्या जन्मावरून ओळखण्याचा हट्ट काही लोक सोडत नाहीत.

२ नोव्हेंबर २००८ रोजी ब्राझीलमधील इंटरलागोस येथे वर्षाची अखेरची शर्यत झाली. हॅमिल्टनचे ९४ गुण, फेलिपे मासाचे ८७. मासा जिंकला तर हॅमिल्टनने निदान पाचवे यायलाच हवे होते. सहावा आला असता तर गुण समसमान होऊन अधिक शर्यती जिंकल्यामुळे मासा विजेता ठरला असता. शेवटच्या काही फेऱ्यांत पाऊस आला. बहुतेकांनी पावसाळी टायर बदलून घेतले. टिमो ग्लॉक मात्र कोरड्या रस्त्याच्या टायरवरच राहिला. सेबास्टियन फेटेलने मागे टाकल्यामुळे हॅमिल्टन सहाव्या स्थानी घसरला. मासाने घरच्या प्रेक्षकांसमोर शर्यत जिंकली आणि त्याच्या गोटात जल्लोष सुरू झाला. एवढ्यात शेवटच्या फेरीच्या अखेरच्या वळणावर, निसरड्या रस्त्यावर वेग हरवलेल्या ग्लॉकला हॅमिल्टनने गाठले. तो पाचवा आला. ९८ विरुद्ध ९७. वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्या वेळचा सर्वांत तरुण विश्वविजेता म्हणून त्याचे नाव नोंदले गेले. दोन वर्षांनी फेटेलने हा विक्रम मोडला, आणि त्यात काही वावगे नाही. विक्रम मोडले जाण्यासाठीच असतात.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. २००९ साली ऑस्ट्रेलियातील शर्यतीनंतर पंचांना दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल तो बाद ठरविला गेला. त्याने पत्रकारांसमोर येऊन जाहीर क्षमा मागितली. २०१३ पासून तो मर्सिडीज संघात गेला आणि २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०१९ व २०२० अशी आणखी सहा विश्वविजेतेपदे त्याने मिळविली. मायकेल शूमाखरच्या सात विजेतेपदांची बरोबरी झाली आणि त्याचा ९१ विजयांचा विक्रमही मागे पडला. २०२१ साली आठवे विजेतेपद अखेरच्या शर्यतीच्या अखेरच्या फेरीत हुकले.

क्रीडापानांची कथा येथे संपते. आम्हांला महत्त्वाची वाटते ती याच काळातली दुसरी कथा.

२०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर जगभर निदर्शने झाली. हॅमिल्टनने शर्यतीपूर्वी गुडघा टेकून निषेध नोंदविला. परंतु त्याहून मोलाचे म्हणजे त्याने स्वतःच्या यशाकडेच शंकेने पाहिले. मी इतकी विजेतेपदे मिळवूनही या क्षेत्राची बंद दारे बंदच राहिली आहेत. माझ्याकडे बोट दाखवून प्रगती झाली असे म्हणणे पुरेसे नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. तेरा वर्षे तो या स्पर्धेत होता आणि त्याच्या मागोमाग दुसरा कृष्णवर्णीय चालक आलेला नव्हता. संघाच्या सामूहिक छायाचित्रांत त्याच्याभोवती जे शेकडो चेहरे असत, त्यांत त्याच्यासारखे चेहरे जवळजवळ नव्हतेच.

मग त्याने ब्रिटनमधील रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग या संस्थेच्या सहकार्याने एक आयोग नेमला. आयोगाचा अहवाल जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फॉर्म्युला वनमध्ये काम करणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असल्याचे त्यात नमूद होते. या दुखण्याचे मूळ शोधत आयोग शर्यतीच्या मैदानापाशी थांबला नाही, तो थेट शाळेच्या वर्गात पोहोचला. कृष्णवर्णीय मुलांना गणित आणि विज्ञान शिकविणाऱ्यांत त्यांच्यातले शिक्षक फार थोडे आहेत. या मुलांना शाळेतून काढून टाकण्याचे प्रमाण अधिक आहे. अभियांत्रिकीची पदवी घेऊनही पुढची वाट त्यांना सापडत नाही. म्हणून शिफारशीही त्याच दिशेने केल्या गेल्या: विज्ञान-गणिताचे कृष्णवर्णीय शिक्षक वाढवावेत, मुले शाळेबाहेर का फेकली जातात याच्या कारणांवर उपाय करणाऱ्या उपक्रमांना निधी द्यावा, शिकाऊ उमेदवारीच्या जागा वाढवाव्यात, पदवीधरांना शिष्यवृत्त्या द्याव्यात.

शाळेबाहेर फेकले जाणे हा मुद्दा हॅमिल्टनला पुस्तकातून कळलेला नव्हता. शाळेत असताना मारहाणीच्या एका प्रकरणात नाव गोवले जाऊन त्याला काढून टाकण्यात आले होते. नंतर तो निर्णय चुकीचा ठरून मागे घेतला गेला. त्याच्या पाठीशी झगडणारा बाप होता. ज्याच्या पाठीशी कोणी नसते, त्या मुलाचे नाव हजेरीपटावरून गेले की परत येत नाही.

त्याच वर्षी हॅमिल्टनने मिशन ४४ ही संस्था स्थापन केली आणि स्वतःचे दोन कोटी पौंड तिच्यासाठी देण्याचे जाहीर केले. तिचा आरंभीचा एक उपक्रम होता दुर्बल वस्त्यांतील शाळांसाठी विज्ञान आणि गणिताचे १५० कृष्णवर्णीय शिक्षक तयार करण्याचा. जगातील सर्वांत वेगवान माणसांपैकी एकाला आपली कमाई खर्च करताना नव्या चालकांची शोधमोहीम काढावीशी वाटली नाही. शिक्षक घडवावेसे वाटले. यामागचा विचार आमच्या मते अत्यंत खोल आहे.

तो विचार साध्या हिशेबाने समजतो. हॅमिल्टनने ही सहा विजेतेपदे मिळविली त्या वर्षांत बहुतेक वेळा मैदानात वीस गाड्या आणि वीसच चालक असत. सगळ्या जगातून वीस! त्या वीस जागांसाठी कितीही मुले तयार केली तरी वीसच बसणार. परंतु प्रत्येक संघात त्या दोन चालकांच्या मागे शेकडो माणसे असतात. मोठ्या संघांत ती संख्या हजाराच्या घरात जाते. गाडीचा आराखडा करणारे, हवेचा दाब अभ्यासणारे, इंजिन जुळविणारे, टायरचे तापमान पाहून डावपेच ठरविणारे, अवघ्या दोन-तीन सेकंदांत चारही चाके बदलणारे. दार उघडायचेच असेल तर जेथे वीस माणसे जातात ते उघडून भागणार नाही. जेथून हजारो जाऊ शकतात ते उघडले पाहिजे.

आपल्या देशातही या खेळाचा प्रयोग झाला. ग्रेटर नोएडा येथे, गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट उभे राहिले. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तेथे इंडियन ग्रां प्री झाली आणि तीनही वेळा फेटेल जिंकला. त्याच २०११ साली सहारा फोर्स इंडिया संघाने 'अब्जातून एक' अशा अर्थाच्या नावाने देशभरातून बालचालकांचा शोध घेतला. त्यात निवडला गेलेला मुंबईचा जेहान दारूवाला पुढे फॉर्म्युला टूपर्यंत पोहोचला आणि तेथे त्याने शर्यतीही जिंकल्या. ही कामगिरी लहान नाही. परंतु भारतीय ग्रां प्री तीन वर्षांत बंद पडली, तो संघही आता राहिला नाही. अब्जातून एक शोधण्याचा हा मार्ग आकर्षक असतो, टाळ्या मिळविणारा असतो. मात्र उरलेल्या अब्जासाठी तो काहीही मागे ठेवीत नाही.

हॅमिल्टनचे उदाहरण घ्यावे काय, याबद्दल आक्षेप आहेत आणि ते उगाच नाहीत. हा अतिश्रीमंतांचा खेळ आहे, तो इंधन जाळतो, आणि हॅमिल्टन स्वतः करसवलतींसाठी प्रसिद्ध असलेल्या मोनॅकोत राहत आला आहे. आम्ही त्याला संत म्हणून पुढे करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, शिखरावर पोहोचलेल्या माणसाने आपल्या यशाला समाजाच्या यशाचा पुरावा मानण्यास नकार देणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. आपल्या वाचकांना ती परकी वाटू नये. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांनी आपल्या पदव्यांवर समाधान मानले नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून त्यांनी महाविद्यालये काढली.

मग आपल्या शाळेने काय करावे? आम्ही चार गोष्टी सुचवू इच्छितो.

पहिली गोष्ट माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांची. बहुतेक पारितोषिके पहिल्या क्रमांकासाठी असतात. पहिला येणारा मुलगा कौतुकास पात्र आहेच, पण त्याच्या मागे बसलेल्या चाळीस जणांना प्रयोगशाळेत प्रत्येकी एक उपकरण हाताळायला मिळणे अधिक निकडीचे आहे. देणगी देताना तुकडीच्या शेवटच्या बाकाचा विचार व्हावा. गणित आणि विज्ञान शिकवू शकणारे माजी विद्यार्थी शिक्षक म्हणून येथे यावेत, यासाठी त्यांना पाठबळ द्यावे.

दुसरी गोष्ट प्रतिष्ठेची. आयटीआयला गेलेला फिटर, डिप्लोमा केलेला तंत्रज्ञ, कारखान्यात गाड्या जुळविणारा कामगार यांची छायाचित्रे आपल्या स्मरणिकांत क्वचितच दिसतात. ज्यांच्या हातांवाचून कोणतीही गाडी जागची हलणार नाही, त्यांना आपण यशस्वी म्हणण्यास कचरतो. ही खोड मोडली पाहिजे.

तिसरी गोष्ट वसतिगृहाची. भांडण झाले, वस्तू हरवली, मूल पळून गेले, की नाव कमी करणे हा सोपा उपाय वाटतो. ज्या मुलाच्या घरून जाब विचारायला कोणी येऊ शकत नाही, त्याची बाजू ऐकून घेण्याची जबाबदारी शाळेनेच पत्करावी. पूर्ण चौकशी झाल्यावाचून एकाही मुलाला घरी पाठवू नये.

चौथी गोष्ट पालकांसाठी. मूल खेळते म्हणजे वाया जाते असे मानू नका, आणि खेळते म्हणून अभ्यास सोडला तरी चालेल असेही मानू नका. अँथनी हॅमिल्टन यांचा करार कोणत्याही मजुराच्या घरात करता येण्यासारखा आहे. त्याला गो-कार्ट लागत नाही. मुलाच्या आवडीकडे लक्ष आणि दिलेल्या शब्दाला जागणे एवढेच लागते.

या चारांतील बहुतेक गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. नोकरीव्यवसायात स्थिरावलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने सत्रातून एक रविवार शाळेत यावे आणि आपण रोज नेमके कोणते काम करतो ते आठवी-नववीच्या मुलांना समजावून सांगावे. कोणी रेल्वेच्या कार्यशाळेत असेल, कोणी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, कोणी वीजमंडळात, कोणी बँकेत. डॉक्टर आणि कलेक्टर यांखेरीज जगात आणखी किती कामे आहेत आणि त्यांपर्यंत जाण्याची वाट कोठून सुरू होते, हे मुलांना आपल्याच माणसाच्या तोंडून कळावे. येत्या जूनपासून याचा आरंभ व्हावा, आणि त्यासाठी प्रत्येक तुकडीतून निदान दोघांनी आपली नावे मुख्याध्यापकांकडे कळवावीत, अशी आमची विनंती आहे.